विश्वनाथ सोनकुसऱ्याचा चालता दवाखाना

विश्वनाथ सोनकुसरे बंगलोरहून परत आला तेव्हा तो नेमकं काय शिकून आला, यावर नागपुरातल्या कोष्ट्यांच्या गल्लीचं एकमत झालं नाही. शेजारच्या जनाबाईच्या मते तो पागलांचा डाक्टर होऊन आला होता. मग इंजेक्शन काहून नाही देत, असं कोणी विचारलं की ती म्हणे, "तू देऊन पाय पागलाले इंजेक्शन, मंग मले विचारजो." गल्लीच्या तोंडाशी पानठेला चालवणाऱ्या बाबूलालची खात्री होती की पोट्टा नजरबंदी शिकला आहे आणि नजरेला नजर भिडवून पोटातलं काढून घेतो. त्यामुळे तो विश्वनाथला पान द्यायचा ते खाली मान घालूनच.

खुद्द बाप रामाजी, ज्याच्या मागावरची नऊवारी लुगडी इतवारीत नाव घेऊन मागितली जात, तो एवढंच सांगायचा, "बोलते. लोकाइसंगं बसून बोलते. बस्, तेच काम."

"बोलाले बंगलोरले काहून जा लागते गा?"

"इथं कोणी आयकत नाई म्हणून," रामाजी म्हणे आणि मागाच्या खड्ड्यात उतरे.

विश्वनाथ विणकर म्हणून बाद झाला होता तो लहानपणीच. पाय लांब, खड्ड्यात मावत नसत. धोटा टाकला की दोरा तुटे. पण पांजणीच्या कामावर मात्र त्याला रोज नेत. ऊन चढायच्या आत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताण्याचं सूत पसरायचं, त्याला खळ द्यायची आणि दोन बाजूंनी दोन माणसांनी लांब कुंचे फिरवत चालायचं. खाली-वर, वर-खाली, सूत सुकेपर्यंत. घरात भाकर मागण्यापलीकडे तोंड न उघडणारे बाप्ये तिथे बोलत. कोणाची बायको माहेराहून काहून येत नाही, कोणाला भावाचा धाक वाटतो, कोणाला खड्ड्यात बसलं की रडू येतं. सगळं निघे. हात कामात, नजर सुतावर, पाय चालते, आणि ऐकणारा सुतापलीकडे. तोंडाकडे कोणी पाहत नसे. कुंचा ठेवला की विषय संपला. त्यावर पुन्हा कोणी कोणाला छेडत नसे.

पुढे मॅट्रिक झालं, कॉलेज झालं. एम.ए.ला त्यानं तत्त्वज्ञान घेतलं, कारण त्या वर्गात बाकं रिकामी होती. त्यात मानसशास्त्राचा एक पेपर होता, तो त्याला चिकटला. मग बंगलोरच्या संस्थेत दोन वर्षं प्रशिक्षण. तिथे सगळं शिस्तीचं: बंद खोली, मध्ये टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. सल्ला द्यायचा नाही, घाई करायची नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. विश्वनाथला सगळं पटलं आणि तो सगळं घेऊन नागपूरला आला. टेबल तेवढं इथे मिळवलं.

ते टेबल मिळालं लिलावात. छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, नागपूरची राजधानी गेली आणि कचेऱ्याच्या कचेऱ्या गाडीत बसून भोपाळला न् मुंबईला रवाना झाल्या. मागे उरलं ते जड फर्निचर आणि न जाणारे कारकून. फर्निचरचा लिलाव झाला. विश्वनाथनं सागवानी टेबल उचललं, सदरमध्ये घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत चढवलं आणि बोर्ड लावला: 'मानसोपचार. वेळ सकाळी दहा ते एक.' दुपारी कॉलेजात अर्धवेळ शिकवणी होती, तीवर पोट चाले.

पहिल्या महिन्यात एक बाई हरवलेली म्हैस कुठे आहे ते विचारून गेली. बाकीचे येत, टेबलासमोर बसत, घाम पुसत आणि "तसं काही विशेष नाही" म्हणून उठत. विश्वनाथ पुस्तकात चूक शोधत बसे.

अठ्ठावनच्या जानेवारीत मुकुंद आला. विमा कंपनीतला, महालात राहणारा, इस्त्रीच्या कपड्यातला. त्यानं आधी जिन्यात वाकून कोणी पाहत नाही ना याची खात्री केली.

"वडिलांचं आहे," तो म्हणाला. "रोज दहाला ऑफिसात जातात."

"मग?"

"ऑफिस नाहीये ना, डॉक्टर!"

"मी डॉक्टर नाही. पण सांगा."

दत्तोपंत सचिवालयात हेडक्लार्क होते. कचेरी हलली तेव्हा भोपाळला जाण्याऐवजी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. पत्नी यमुताई त्याच्या वर्षभर आधी गेल्या होत्या. आठ दिवस घरी बसले, आणि एका सकाळी कोट, काळी टोपी, छत्री, डबा घेऊन निघाले. जुन्या कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली बाक आहे, त्यावर पाच वाजेपर्यंत बसतात. तिथे मागे राहिलेला ईश्वरदास नावाचा चपराशी आहे, त्याच्याबरोबर डबा खातात. परत येतात.

"रविवारी?"

"रविवारी जात नाहीत. दिवाळीलाही गेले नव्हते. सुट्या अगदी बरोबर पाळतात."

सुट्या पाळणारं वेड विश्वनाथनं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

मुकुंदला घाई होती. धाकट्या बहिणीला, नीलाला पाहायला अमरावतीचे लोक यायचे होते, पंधरवड्यानंतरच्या गुरुवारी. मुलीच्या घरात वेड आहे एवढं कानावर गेलं की संपलं. "तोवर हे जाणं बंद करा. नाही झालं तर आमच्या ओळखीचे वकील आहेत, अर्ज तयार आहे. महिनाभर पागलखान्यात ठेवू. पाहुण्यांना कळवून टाकलंय, वडील काशीला गेलेत म्हणून."

"वडिलांना हे माहीत आहे?"

"त्यांना कशाला?"

दुसऱ्या दिवशी मुकुंदनं वडिलांना कसल्याशा बहाण्यानं सदरला आणलं. दत्तोपंत आत आले, टेबल पाहिलं आणि उभेच राहिले. छत्री दोन्ही हातांत, नजर टेबलाच्या कडेवर.

"बसा ना."

"असू द्या साहेब."

"घरी कसं आहे?"

"तक्रार नाही, साहेब."

"झोप लागते?"

"जी, व्यवस्थित." डोळे तर असे की माणूस कित्येक दिवस पडलाच नव्हता.

विश्वनाथ वयानं त्यांच्या मुलाएवढा, जातीनं कोष्टी, अंगात बाबूलालच्या ठेल्यावरून चुना लागलेला सदरा. तरी दत्तोपंत साहेब म्हणत होते आणि त्यात थट्टा नव्हती. शेवटी त्यांनी हळूच बोट पुढे केलं. "इथे शाईचा डाग होता. रंधा मारलेला दिसतो."

"तुम्ही हे टेबल ओळखता?"

"अवर सचिवांचं. बावीस साली आलं. या टेबलासमोर आम्ही बसत नसू."

मुकुंद जिन्यात म्हणाला, "पाहिलंत ना? टेबलाशी बोलतात!"

विश्वनाथ वर जाऊन टेबलाकडे पाहत उभा राहिला. माणसाला मोकळं करायला म्हणून त्यानं पदरमोड करून त्या माणसाचा साहेबच जिना चढवून आणला होता.

दुसऱ्या सकाळी रामाजीचा पांजणीचा जोडीदार बापूजी तापानं पडला. रामाजीनं मुलाला हाक मारली. "चाल, कुंचा धर. बंगलोरले हात मऊ झाले असतीन तं आजच समजते."

दोघं चालू लागले. मध्ये सूत. गल्लीत थंडी होती, खळीचा आंबूस वास होता. दोन फेऱ्या झाल्यावर रामाजी सुताकडे पाहतच म्हणाला, "तुह्या मायले वाटते, तू आता आमच्यातला नाई रायला."

"तुले काय वाटते, बा?"

"मले कायले इचारतं? मी काम करून राहिलो." टोक आलं, दोघं वळले, पुन्हा मधोमध आले. "मले बी वाटते."

विश्वनाथच्या हाताला हिसका बसला, दोरा तुटला.

"लक्ष दे ना बे! दोन वर्सं काय शिकला तिकडे?"

विश्वनाथनं दोरा सांधला. घरी परतून त्याला चार महिने झाले होते. रोज रात्री बापलेक समोरासमोर बसून जेवत होते, आणि हे वाक्य आज निघालं. त्यानं कुंचा पुढे ओढला. "मी कोठी जाऊन नाई राहिलो, बा. रोज येईन पांजणीले."

"रोज नको येऊ. सूत लय तोडतं," रामाजी म्हणाला. पण पुढची फेरी त्यानं सावकाश चालून घेतली.

त्या दिवशी विश्वनाथ सदरला गेलाच नाही. दहाला तो महालात दत्तोपंतांच्या दारासमोर उभा होता. दार उघडलं, कोट-टोपी-छत्री बाहेर आली.

"आपण?"

"त्याच बाजूला जातो मी. सदरला."

"राहता कुठे?"

"गोळीबार चौकाकडे."

"मग सदरला जायला महालात कसे?" दत्तोपंतांनी नकाशा मनात उलगडून पाहिला. "हे अगदीच आडमार्गाचं आहे."

"हो. आहे."

दत्तोपंतांनी थोडा विचार केला. "चला. पण डाव्या बाजूनं चाला. टांगेवाले बघत नाहीत."

पहिल्या दिवशी शुक्रवारी तलावापर्यंत हवा हा विषय पुरला, पुढे संत्र्यांचा भाव. विश्वनाथनं एकही प्रश्न केला नाही आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ईश्वरदासच्या संधिवाताची हकीकत झाली. तिसऱ्या दिवशी दत्तोपंत सीताबर्डीच्या अलीकडे एकदम म्हणाले, "सोनकुसरे, ऑफिस नाही हे मला माहीत आहे बरं का. मीच बांधलंय ते. गोण्यांत. वर नंबर टाकून."

"हं."

"मुकुंदला वाटतं मला ठाऊक नाही."

विश्वनाथ चालत राहिला. छत्रीची टोक-टोक चालली होती.

"अकरा वाजता गल्लीत दिसणारा पुरुष पाहिलाय तुम्ही? एक तर तो आजारी असतो, नाही तर सस्पेंड. मी आठ दिवस बसून पाहिलं घरी. सूनबाई दुपारी माजघरात जरा पाठ टेकायची. मी असलो की पदर सावरून बसून राही. नीलाच्या मैत्रिणी दारातूनच परत. मी नुसता खोकलो तरी सगळं घर उठून उभं! यमू असती तर तिनंच मला पिटाळलं असतं, जा, बाजारात जाऊन या म्हणून. आता पिटाळणारं कोणी नाही. तेव्हा मी मलाच पिटाळतो."

"हे मुकुंदरावांना सांगितलंत?"

"काय सांगू? तुझ्या घरात मला दुपार काढायला जागा नाही? तो बिचारा लगेच जागा करील. तेच तर नको."

पुढे पुष्कळ अंतर गेल्यावर ते म्हणाले की घरी छातीत धडधडतं, रात्रभर धडधडतं. त्या कडुनिंबाखाली बसलं की थांबतं. आणि झोप नाही. व्यवस्थित म्हटलं होतं ते खोटं. "त्या टेबलापुढे कोण खरं सांगणार?"

विश्वनाथला वाटलं होतं की आता काम सोपं आहे. ते नव्हतं. दत्तोपंतांनी सांगितलेलं मुकुंदला सांगायची सोय नव्हती. चालताना ऐकलेलं चालण्यातच राहायचं. आणि मुकुंदनं ठरवलेलं मात्र विश्वनाथच्या खिशात निखाऱ्यासारखं होतं. तो मुकुंदच्या कचेरीत गेला.

"वडिलांना अर्जाचं सांगा. गुरुवारचंही सांगा."

"पागल माणसाला विचारून कोणी पागलखान्यात नेतं का?"

"ते पागल नाहीत. दुःखी आहेत, झोप नाही, जीव घाबरतो. ते बरं होईल, पण गुरुवारपर्यंत नाही. आणि त्यांच्याविषयी त्यांच्यामागे काही ठरवलेलं मला चालणार नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

मुकुंद लाल झाला. "बोलावलं मी. तुम्ही माणूस आमचे की त्यांचे?"

"त्यांचा," विश्वनाथ म्हणाला आणि त्याला स्वतःलाच जरा धक्का बसला, कारण इतकं स्पष्ट उत्तर त्यानं परीक्षेतही दिलं नव्हतं.

मुकुंदनं सांगितलं नाही. मंगळवारी तलावाच्या काठानं जाताना विश्वनाथनं सांगितलं. पाहुणे, काशी, अर्ज, पागलखाना, सगळं, काहीही मऊ न करता.

दत्तोपंतांची छत्री थांबली नाही. पुढच्या वळणावर त्यांनी विचारलं, "मसुदा कोणाचा?"

"वकिलाचा."

"मुकुंदचा नाही?"

"सही मुकुंदरावांची."

"हं. मसुदा त्याला कधीच जमला नाही." मग ते थांबले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच थांबले. पाण्याकडे पाहत उभे राहिले, आणि टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. विश्वनाथही पाण्याकडेच पाहत राहिला. मग टोपी डोक्यावर गेली. "आज रजा," दत्तोपंत म्हणाले आणि मागे वळले.

भर अकरा वाजता सासऱ्यांना दारात पाहून सून उत्तरा दचकून उठली. "मामंजी! बरं नाही का?"

"पड, पड तू. गुरुवारी पाहुणे येताहेत म्हणे."

नीला आतून आली आणि रडायलाच लागली. "मी सांगणार होते, बाबा. दादानं शपथ घातली."

"शपथ मोडायची होती. आता चहा कर. सोनकुसरे दमलेत."

चहा आला. दोन कप कानाचे होते, विश्वनाथच्या कपाचा कान तुटलेला. असा कप कोणासाठी वेगळा ठेवतात हे त्याला माहीत होतं. त्यानं चहा घेतला, आणि सवयीप्रमाणे आपला कप आपणच विसळून ठेवला. त्या दुखण्यावरचा उपचार बंगलोरलाही शिकवलेला नव्हता.

त्या संध्याकाळी बापलेकांत काय बोलणं झालं ते विश्वनाथला कळलं नाही. एवढं कळलं की बोलणं फारसं झालं नाही. मुकुंद म्हणाला, "बरं, गुरुवारी घरी राहा, आणि बोलू नका." दत्तोपंत म्हणाले, "पाहू."

गुरुवारी चालायचं नाही असं ठरलं होतं. सकाळी मुकुंदचा माणूस सायकलवर धापा टाकत सदरला आला. विश्वनाथ महालात पोचला तेव्हा मुकुंद ओटीवर येरझाऱ्या घालत होता.

"गेले! कोट, टोपी, छत्री, नेहमीसारखे. आजच्या दिवशी! तुमच्या त्या चालण्यानं हे झालं." त्यानं खिशातून अर्ज काढला. "मी हा आत्ता वकिलाकडे पाठवतोय. ईश्वरदासच्या बाकावरून उचलून नेतील."

बाक सोडवायचा प्रयत्नच विश्वनाथनं केला नव्हता, आणि आज ते तिथेच जाऊन बसले असतील तर त्यांना उठवणारी माणसं दुसरी असणार होती. "थोडं थांबा," तो म्हणाला. "डबा नेलाय?"

उत्तरा आतून म्हणाली, "नाही. डबा इथेच आहे."

"मग ते बाकावर नाहीत."

"मग कुठे आहेत?"

हे कोणालाच सांगता येईना. पाहुण्यांच्या गाडीची वेळ होऊन गेली होती, आणि तेव्हा कुठे उत्तराच्या ध्यानात आलं. "अहो, स्टेशनवर कोण गेलंय त्यांना आणायला?"

मुलीचा बाप जातो स्टेशनवर. बाप काशीला, असं ठरल्यामुळे कोणी जायचं हे ठरलंच नव्हतं. मुकुंद मटकन ओटीवर बसला.

तेवढ्यात दोन टांगे वळले. पहिल्या टांग्यात अमरावतीचे जाडसर गृहस्थ, आणि त्यांच्या शेजारी काळी टोपी.

"पत्रात तर होतं, आपण काशीला गेलात म्हणून," गृहस्थ उतरता उतरता म्हणत होते.

"बेत रद्द झाला," दत्तोपंत म्हणाले. "या. पायरी जपून."

पोहे झाले. नीला येऊन बसली, तिला स्वयंपाकाचं विचारून झालं. मग गृहस्थ दत्तोपंतांकडे वळले. "मग, हल्ली काय करता आपण?"

मुकुंदनं विश्वनाथकडे पाहिलं. विश्वनाथनं खिडकीकडे पाहिलं.

"निवृत्त आहे," दत्तोपंत म्हणाले. "पण दहाला घराबाहेर पडतो. जुन्या ऑफिसच्या आवारात बाक आहे, तिथे बसतो. दुपारी बायकामाणसांना घर मोकळं लागतं. आणि खरं सांगायचं तर मलाही घरी करमत नाही. हिची आई गेल्यापासून झोप नाही. हे सोनकुसरे सोबत चालतात, त्यानं जरा बरं आहे."

उत्तरानं पदर दाताखाली धरला होता.

गृहस्थांच्या बायकोनं नवऱ्याकडे तिरकं पाहिलं. "ऐका. नाही तर तुम्ही. रिटायर झाल्यापासून माझ्या फोडणीत मोहरी किती पडते ते बघत उभे असता."

गृहस्थ खोकले. "बाक लांब आहे का हो?" त्यांनी विचारलं.

ते लग्न जमलं नाही. पत्रिकेत एकनाड आली असं अमरावतीहून कळलं. खरं कारण तेच की आणखी काही, ते अमरावतीलाच ठाऊक. निरोप आला त्या संध्याकाळी नीलानं दोन वेळा पोहे खाल्ले. मुकुंदनं तो अर्ज फाडला की ठेवला, हे विश्वनाथनं विचारलं नाही. पण त्यानंतर मुकुंद रोज संध्याकाळी कचेरीतून येताना वडिलांच्या बाकावरून यायला लागला, आणि दोघं घरापर्यंत चालत यायला लागले. काय बोलतात ते रस्त्यालाच माहीत.

सदरच्या खोलीत विश्वनाथनं टेबल भिंतीला लावलं आणि दोन खुर्च्या शेजारी शेजारी, खिडकीकडे तोंड करून मांडल्या. "टेबल नाई तं डाक्टर कायचा?" असं एक जण चिडून बोलून गेला. बाकीचे खाली रस्त्यावरच्या रहदारीकडे पाहत बोलू लागले. ज्यांना खोलीतही जमेना त्यांना तो चालायला नेई. बाबूलालनं त्याला चालता दवाखाना नाव ठेवलं, आणि एका सकाळी पान देताना मान वर करून विचारलं, "आमच्यासारख्याले बी नेतं का गा?"

होळी झाल्यावरच्या एका सोमवारी विश्वनाथ दहाला महालात उभा होता. दत्तोपंत बाहेर आले. कोट नव्हता, नुसता सदरा आणि टोपी. मागून उत्तरा डबा घेऊन आली. "मामंजी, घरीच राहिलात तरी चालेल हं मला. खरंच."

"तुला चालेल गं. मला नाही चालणार." त्यांनी डबा मात्र घेतला नाही. "बाराला येतो जेवायला. पान वाढून ठेव, आणि मग तू खुशाल पड."

ते पायरी उतरून विश्वनाथपाशी आले. रात्री झोप लागत होती ते डोळ्यांवरूनच दिसत होतं.

"सोनकुसरे, उद्यापासून तुम्ही नका येऊ. तुमचे लोक तिकडे खोळंबत असतील."

"बरं."

"आजचा दिवस चला," दत्तोपंत म्हणाले. "आणि डाव्या बाजूनं. इतके दिवस सांगतोय."

विश्वनाथ डाव्या बाजूला झाला.